मी डुगडुगते, मग?

मी एक जुनी खुर्ची आहे. पाठ निखळल्यापासून सगळे मला स्टूल म्हणतात. म्हणेनात का, मी खुर्चीच! आणि हो मित्रांनो, मी डुगडुगते. आधीच सांगितलं, बसल्यावर उगाच ‘आई गं’ नको.

एका सुताराने मला उरल्यासुरल्या लाकडातून घडवलं आणि मी केस कापायच्या दुकानात आले. गिऱ्हाईकं माझ्यावर ऐसपैस बसून नंबराची वाट बघायची. मग ओल लागून माझा एक पाय वाकला. सुतार आला. त्याने एक पाय कापला, तर दुसरा लांब वाटला. तो कापला, तर तिसरा! शेवटी मी वीतभर बुटकी झाले आणि डुगडुगणं होतं तसंच राहिलं. पुढे पाठही गेली. मग मला मागच्या खोलीत टाकून माझ्यावर टॉवेलांचा ढीग रचला. कुणी ढुंकूनही बघेना. फार राग यायचा मला.

या दुकानात ताई केस कापायच्या. त्यांना सांध्यांचा आजार जडला. डॉक्टर म्हणाले, “औषधांनी आटोक्यात राहील, पण मुळापासून जाणार नाही.” ताईंनी कळ सोसत उभ्याने काम रेटलं. एके दुपारी मात्र गुडघ्यांनी साफ नकार दिला. मालकीणबाई म्हणाल्या, “ताई, उभं राहवत नसेल तर घरी आराम करा. बऱ्या झालात की या.”

ताई मागच्या खोलीत आल्या, टॉवेल बाजूला सारून माझ्यावर बसल्या आणि रडल्या. “बऱ्या झालात की या म्हणे! म्हणजे कधीच नको.” मी डुगडुगले, तसं त्यांनी खाली वाकून पाहिलं. शाम्पूच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, घडी घालून माझ्या पायाखाली सरकवला. माझं डुगडुगणं थांबलं. इतक्या वर्षांत माझा एवढा साधा विचार कुणी केला नव्हता.

तेवढ्यात बाहेर एक चिमुरडी किंचाळू लागली. मोठ्या खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून तिला उंच बसवलं होतं आणि ती कात्री बघून हातपाय झाडत होती. आईला घाम फुटलेला, मालकीणबाई हैराण. ताई मला ओढत बाहेर आल्या. फळी काढली, चिमुरडीला मोठ्या खुर्चीतच बसवून तिची उंची कमी केली आणि स्वतः माझ्यावर बसल्या. दोघींचे डोळे समोरासमोर आले.

“तू पण बसलीस?” चिमुरडीने विचारलं.

“हो. माझे पाय दुखतात.”

“मग रडत नाहीस?”

“रडते की! आत्ताच रडून आले.”

चिमुरडी खुदकन हसली. केस कापून होईपर्यंत हलली नाही. ताई पुटपुटल्या, “मला वाटायचं, मला मुलांचं जमतच नाही. अगं बाई, मी नुसती उंच होते!”

“छान! आता पाय बरे झाले की...” मालकीणबाई बोलू लागल्या.

“नाही होणार, बाई,” ताई म्हणाल्या. “मी बसूनच कापणार. चालत नसेल तर तसं सांगा, मी माझी कात्री घेऊन निघते.”

मालकीणबाईंनी तोंड उघडलं, पण चिमुरडीची आई आधी बोलली, “आम्ही पुढच्या वेळी यांच्याकडेच येणार हं.” मालकीणबाईंनी नाक मुरडलं आणि फळी मागच्या खोलीत नेऊन ठेवली.

म्हणून जे झालं ते बरंच झालं, असं मी मुळीच म्हणणार नाही. दुखणं ते दुखणंच. काही सकाळी ताईंची बोटं मिटत नाहीत, त्या येत नाहीत आणि माझ्यावर पुन्हा टॉवेल येतात. दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतंच, “अजून बरं नाही का?” ताई म्हणतात, “नाही. बसा, केस कापते.”

मित्रांनो, मला सरळ करायला आता सुतार आणू नका. फक्त एवढं करा: झाडताना माझ्या पायाखालचा पुठ्ठा कचरा समजून फेकू नका. त्याच्यावर आम्ही दोघी उभ्या आहोत.