सगळ्यात रुंद जागी बावन्न

चाकांच्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्यात माहितीपत्रकांचं इंग्रजी तपासायला एक गृहस्थ होते. सगळे त्यांना फुलस्टॉप म्हणत. साध्या बोलण्यातसुद्धा वाक्य संपलं की ते असे थांबत, की समोरच्याला वाटावं आता टाळ्या वाजवायच्या आहेत. टाळ्या कुणी वाजवत नसे, ही गोष्ट वेगळी. त्यांना ती वाईट सवयच लागली होती म्हणा ना, आपल्याच वाक्यावर खूश होण्याची.

त्यातही रुंदी हा त्यांचा खास प्रांत. एकदा टायपिस्टबाईंनी 'मॅक्झिमम वाइड' असं लिहिलं आणि ओढवून घेतलं. फुलस्टॉप खुर्ची ओढून बसलेच. "हे बघा बाई, अप टू कुठे म्हणायचं? जिथे माप कमी-जास्त होतं तिथे. पट्टा ओढला की वाढतो, तिथे अप टू. पण खुर्चीचा सांगाडा काय रबराचा आहे? तो एकीकडे अरुंद, एकीकडे रुंद. मग तिथे काय म्हणायचं? अ‍ॅट इट्स वाइडेस्ट पॉइंट! तक्ता असेल तर मॅक्झिमम विड्थ चालेल. पण वाक्यात? छे छे!" बाईंचा चहा गार झाला. बाईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून रुंदीचे कागद परस्पर त्यांच्या टेबलावर ठेवायला सुरुवात केली. फुलस्टॉपना वाटलं, काय हा आदर!

नव्या खुर्चीचं पत्रक निघालं तेव्हा जोडणीखात्याच्या मिस्त्रींनी मापांची चिठ्ठी पाठवली. तीत लिहिलं होतं, 'विड्थ ५२. विथ व्हील ६६.' फुलस्टॉप पोट धरून हसले.

"अहो मिस्त्री, चाकांच्या खुर्चीला चाकं असणारच की! उद्या लिहाल, विथ सीट."

"तसं नाही साहेब, ते चाकाबाहेरचं कडं..."

"लोखंड तुमचं, भाषा माझी. तुम्ही काळजी सोडा."

आणि लाल पेनानं 'विथ व्हील' उडवून त्यांनी खाली सुबक अक्षरांत वाक्य लिहिलं: द चेअर मेझर्स फिफ्टी-टू सेंटिमीटर्स अ‍ॅट इट्स वाइडेस्ट पॉइंट. वाक्यात खोट काढायला जागा नव्हती. पत्रक छापलं, वाटलं गेलं, आणि तीन महिने ते स्वतःच्या खिशात त्याची एक प्रत घेऊन हिंडत होते. लग्नाचा फोटोसुद्धा त्यांनी कधी इतका जपला नव्हता.

मग ताईचं सुरू झालं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर हिनंच त्यांना वाढवलं, शिवणयंत्रावर दिवस काढून शिकवलं. फुलस्टॉपचं सगळं इंग्रजी त्या यंत्राच्या घरघरीत पाठ झालेलं. आता पडल्यामुळे ताईचे पाय गेले होते. हात मात्र पोलादी, आणि जीभ त्याहून. एका संस्थेत तिच्यासाठी खोली धरून ठेवली होती, सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. फुलस्टॉपचा जीव तुटत होता. बहीण परक्या घरी राहणार, आणि आपण इथे पंख्याखाली!

"तू माझ्याकडे ये," त्यांनी फोनवर गयावया केली.

"येते. रविवारी बघायला येते. पण एक सांगून ठेवते, बाथरूमला मी माझी जाणार. कुणी उचलून न्यायचं नाही. ज्या घरात मला पोत्यासारखं उचलतील त्या घरात मी राहायची नाही."

"अगं ताई, बाथरूमचं दार साठचं आहे, मी स्वतः टेप लावलाय. आणि आमच्या खुर्चीचं काय? बावन्न! तेसुद्धा अ‍ॅट इट्स वाइडेस्ट पॉइंट."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यात रुंद जागी. आठ सेंटिमीटर उरतात, ताई. त्यातनं मांजरसुद्धा जाईल."

खुर्ची शनिवारी घरी आली. बायको म्हणाली, "एकदा दारातून घालून तर बघा." त्यावर फुलस्टॉप दुखावले. छापलेलं असताना घालून काय बघायचं?

रविवारी ताई आली. नव्या खुर्चीत बसली, दोन्ही चाकं हातानं फिरवत सगळं घर हिंडली. स्वयंपाकघरात जाऊन भावजयीच्या डाळीत मीठ कमी आहे हे सांगून आली. फुलस्टॉपच्या मनात लाडू फुटत होते. राहतेय ही, नक्की राहतेय!

जेवणानंतर ताई बाथरूमकडे वळली. खण्ण! चाकांची कडी दोन्हीकडून चौकटीवर आदळली. ताई मागे आली, पुन्हा गेली. खण्ण! तिसऱ्यांदा फुलस्टॉपनी मागून ढकलून बघितलं आणि चौकटीचा रंग तेवढा निघाला.

"थोडी तिरकी घे," ते म्हणाले.

"तिरकी घेतली की रुंद होते की अरुंद होते?" ताईनं विचारलं. "टेप आण."

तिनं टेप सीटवर नाही लावला. सरळ एका चाकाच्या बाहेरच्या कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत धरला. सहासष्ट.

"जन्मभर मापं घेतली मी. झगा कमरेवर मोजून शिवला तर तो वरून चढतच नाही. हे बावन्न कुठल्या गाढवानं मोजलं?"

आता लपवून काय करायचं? खिशातली ती प्रत फुलस्टॉपना निखाऱ्यासारखी लागत होती.

"मोजलं मिस्त्रींनी, आणि बरोबर मोजलं. सहासष्टसुद्धा लिहून पाठवलं होतं. मी खोडलं. चाकांच्या खुर्चीला चाकं असतात हे काय लिहायचं, म्हणून खोडलं. गाढव मीच, ताई."

बोलताना त्यांना एकदम आठवलं, पत्रक तीन महिने लोकांच्या हातात आहे. किती दारांशी किती माणसं अशी खण्ण करून थांबली असतील? उद्या पहिलं काम, प्रत्येकाला पत्र. इंग्रजी कसंही असो.

पण उद्या उद्याच्या जागी. ताईला आत्ता जायचं होतं.

"मी उचलतो तुला," ते हळूच म्हणाले. "फक्त आजच्या दिवस. कुणाला सांगणार नाही."

ताईनं त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते दोन पावलं मागे गेले. तिनं खुर्चीचा ब्रेक लावला. दोन्ही हातांवर भार देऊन ती खाली फरशीवर उतरली. "तोंड फिरव," म्हणाली. फुलस्टॉप भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागे त्यांना तिच्या साडीचं फरशीवर घासणं ऐकू येत होतं. थोडं सरकणं, मग श्वास, मग पुन्हा थोडं सरकणं. साठ वर्षांचा तो माणूस, भिंतीला कपाळ टेकवून ढसाढसा रडला. जिनं बोट धरून चालायला शिकवलं, तिला आपण जमिनीवर आणून बसवलं! आणि कशासाठी? एका सुरेख वाक्यासाठी!

आतून कडी लागली. फुलस्टॉपनी डोळे पुसले, माळ्यावरचा हातोडा काढला आणि चौकटीवर पहिला घाव घातला. जन्मात खिळा न ठोकलेला माणूस! हातोडा लाकडाऐवजी भिंतीला लागला आणि गिलाव्याचा हा एवढा पोपडा खाली आला. बायको धावत आली. "अहो, काय करताय?" दुसरा घाव बसला. या वेळी निदान चौकट हलली.

"अरे ए मूर्खा!" आतून ताईचा आवाज आला. "मला आधी बाहेर तर येऊ दे!"

"ताई, मी दार मोठं करतोय!"

फुलस्टॉपनी तिसऱ्यांदा हातोडा उगारला.

"तुझ्यानं ते व्हायचं नाही. त्या मिस्त्रींना बोलाव," ताई आतून म्हणाली. "आणि चांगलं सत्तरचं करायला सांग. रोज जायचंय मला त्यातनं."