लाल ते भिंतीवर नाही

कानिफनाथ पेंटरला मजकूर लिहून द्यायचा म्हटलं की रविकांतच्या कपाळाला आठ्या पडायच्या. माणूस कष्टाळू, अक्षर मोत्यासारखं; पण कागदावर दिसेल ते सगळं भिंतीवर उतरवायचं, हा त्याचा धर्म. खर्ड्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात रविकांत कारकून होता आणि फलक रंगवून घेणं त्याच्याच गळ्यात पडलं होतं. एकदा त्यानं लिहून दिलं, 'येथे थुंकू नये (जरा ठळक काढा)'. भिंतीवर ते कंसासकट आलं. मग काय, येणारा-जाणारा ते मोठ्यानं वाचायचा, हसायचा आणि तिथंच पिचकारी मारायचा.

शेवटी वैतागून रविकांतनं नियम घालून दिला. निळ्या पेन्सिलीनं लिहीन ते भिंतीवर घ्यायचं. लाल पेन्सिलीनं लिहीन ते फक्त तुला सांगण्यापुरतं, भिंतीवर मुळीच नाही. कानिफनाथनं कानाला हात लावून कबूल केलं. पावसाळाभर एकही घोटाळा झाला नाही. रविकांतला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात कुटुंब नियोजनाचं शिबिर ठरलं. बायकांना गर्भ राहू नये म्हणून लूप बसवायला नगरहून डॉक्टरीणबाई यायच्या होत्या, त्याही दुपारपर्यंतच. दवाखान्यातली नर्स, इंदू सिस्टर, वस्त्या-वस्त्या फिरली. येणाऱ्या बायका घरच्यांपासून चोरून येणार. वाचता येत नाही, कुणाला विचारायचीही सोय नाही. म्हणून तिनं सगळ्यांना एकच सांगून ठेवलं, दारावर लाल तिकोन दिसला की गुपचूप आत शिरा, नाही दिसला तर माघारी जा. तिचा जीव अडकला होता तो रंगुबाईत. पाच लेकरं, अंगात रक्त नाही. आणखी एक बाळंतपण झालं तर ही बाई वाचायची नाही, असं इंदूनं रविकांतला रोखठोक सांगितलं होतं.

शिबिराच्या दिवशी रविकांत पहाटेपासून आत पडदे लावण्यात गुंतला होता. ऊन चांगलं वर आलं तरी चिटपाखरू फिरकलं नाही. डॉक्टरीणबाई सारख्या घड्याळात बघत होत्या. इंदू बाहेर डोकावली आणि तिथूनच ओरडली, "अहो रविकांत, तिकोन कुठंय?"

दाराशेजारी शिबिराचं नाव झोकात रंगवलं होतं. वर कोरी भिंत. आणि रस्त्यापलीकडे लिंबाखाली बायका पोरं मांडीवर घेऊन ताटकळत बसलेल्या.

कानिफनाथ पायरीशी ब्रश धूत बसला होता. "अरे, त्रिकोण का नाही काढलास?" रविकांतनं विचारलं.

"लाल पेन्शिलीचा व्हता ना, सायेब," कानिफनाथ म्हणाला. "लाल ते भितीवर न्हाई, तुमीच म्हनले."

"अरे, तो लालच असतो!"

"मंग निळ्यानं लिवायचं, तिकोन लाल काढ म्हनून. मला काय सपान पडतंय?"

रविकांतच्या अंगाचा तिळपापड झाला. पेंटरचं म्हणणं खोटं नव्हतं, याचा तर त्याला जास्तच राग आला.

"काढ आता, उभा काय राहिलास?"

"लाल रंग आनलाच न्हाई."

आता मात्र हद्द झाली. रविकांतनं जखमेवर लावायच्या लाल औषधाची बाटली उचलली, कापसाचा बोळा बुडवला आणि खाली टोक केलेला त्रिकोण स्वतःच भिंतीवर फासला. ओघळ पायरीपर्यंत आले. पण लिंबाखालच्या बायका एकेक करून उठल्या.

रंगुबाई त्यांच्यात नव्हती. "ती मघाशी माघारी गेली," एकजण कुजबुजली. "तिकोन दिसंना, मंग बाजारातनं परतनाऱ्या दिराच्या गाडीत बसली."

बाटली खिशात कोंबून रविकांतनं सायकल हाणली. ओढ्याच्या चढावर त्यानं बैलगाडी गाठली. पुढं दीर बैल हाकत होता. मागं तान्ह्याला घेऊन रंगुबाई. तिला सांगायचं तरी कसं? जे सांगायचं तेच दिरासमोर तोंडातून काढायची चोरी. न सांगावं तर बाई हकनाक मरेल. या गावानं एक दिवस तरी आपल्याला सुखानं काम करू द्यावं, असं त्याला रडकुंडीला येऊन वाटलं.

सायकल टाकून तो गाडीमागं पळाला. बाटलीत बोट बुडवून त्यानं मागच्या फळीवर टोकाला टोक जोडून तीन रेघा ओढल्या.

रंगुबाईनं आधी रेघांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पदरानं तिनं फळी खसाखसा पुसली, पोट धरलं आणि किंचाळली, "भावजी, गाडी फिरवा! दवाखान्यात न्या मला, पोटात लई कळ आलीया!"