पाच वर्षांच्या मुलीची डोकेदुखी

दामिनी अमरावतीच्या एका कंपनीत सहा वर्षांपासून मेडिकल कोडिंग करत होती. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या नोंदी वाचायच्या आणि प्रत्येक आजाराला, तपासणीला ठरलेला कोड लावायचा. त्यावरून तिकडची विमा कंपनी मंजुरी द्यायची. अकोल्याहून आलेल्या जुईलीला हे काम तिनंच शिकवलं होतं. आता टीम लीडर म्हणून नाव चाललं होतं ते जुईलीचंच.

"जुईलीची फाइल म्हणजे बघायलाच नको," मॅनेजर ईशान सर येता-जाता म्हणायचे. दामिनीच्या पोटात दुखायचं. जुईलीचं इंग्रजी, तिचं हसणं, अगदी डब्यातल्या पोळ्यांची घडीसुद्धा तिला खुपायची.

एका दुपारी जुईलीची फाइल विमा कंपनीकडून परत आली. तपासायला नेमकी दामिनीकडे. पाच वर्षांची मुलगी, डोकं पहिल्यांदाच दुखू लागलेलं. जुईलीनं नुसत्या डोकेदुखीचा कोड लावलेला, म्हणून एमआरआय नाकारला होता. नोंदीत तर स्पष्ट होतं, पोर सकाळी डोकं धरून उठते, उलट्या करते, चालताना झोक जातो.

सापडली एकदाची! दामिनीला हर्षच झाला. मग तारीख दिसली. डॉक्टरांनी ही माहिती दुसऱ्या दिवशी जोडली होती. जुईलीनं कोड लावला तेव्हा ती फाइलीत नव्हतीच. दामिनीनं कोड दुरुस्त करून फाइल लगेच पाठवली. ईशान सरांना मात्र तारीख वगळून लक्षणांचा तेवढाच मजकूर धाडला, जणू जुईलीनं तो वाचलाच नव्हता.

जुईली सरांच्या केबिनमधून डोळे पुसतच बाहेर आली.

तिसऱ्या दिवशी ती दामिनीच्या खुर्चीशी आली. "ताई, लहान मुलांच्या डोकेदुखीच्या महिनाभराच्या सगळ्या फाइली परत पाहिल्या. नोंदीत लक्षणं असूनही नुसत्या डोकेदुखीचा कोड, तशीच चूक अजून दोन ठिकाणी आहे. त्या फाइली तुमच्या आहेत."

"सरले सांगतलं?"

"नाही. आधी तुम्हाला दाखवते."

"काहून? तुलेच फायदा होता."

"तुम्ही शिकवलंत मला."

दामिनीला आधी संतापच आला. चांगुलपणातही हिनंच वर राहायचं! मग त्या दोन फाइली तिनं उघडल्या. दोन्ही चुका खऱ्या होत्या, आणि तिच्याच. त्या दुरुस्त करून ती उठली आणि केबिनमध्ये गेली.

"सर, जुईलीची चूक नव्हती. तारीख म्या पाह्यली होती, तुमाले दाखवली नाई."

बाहेर येऊन तिनं तेच जुईलीला सांगितलं.

"मुद्दाम?" जुईलीनं विचारलं.

"हो."

जुईलीनं मान फिरवली आणि कामाला लागली.

पुढच्या आठवड्यात त्या मुलीचा एमआरआय मंजूर झाला, आणि त्याच दिवशी सरांनी जुईलीला टीम लीडर केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दामिनीनंही वाजवल्या, मनापासून वाजवायचा प्रयत्न केला. पण पोटातलं दुखणं काही थांबलं नव्हतं.