दबक्या पावलांचा खेळ
व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरच्या डाव्या दांडीवरचं रबर झिजून पार गुळगुळीत झालं होतं, मधोमध एक खळगा – नवऱ्याच्या अंगठ्याचा. तिनं आपला अंगठा त्यात ठेवून पाहिला, सैल बसला. कितीतरी वर्षं हा माणूस या एवढ्याशा खळग्यातून अंधाऱ्या तळघरांत शिरला, पहारेकऱ्यांच्या पाठीमागून सटकला, आणि आता… त्या मेल्या अर्धांगाच्या झटक्यानं नेमका डावाच हात गाठावा, काय म्हणायचं याला!

नवरा आत झोपला होता. तो उठेपर्यंत ठरवायला हवं होतं. फळीवर खेळाचे पाचही भाग ओळीनं उभे होते – चोर पाचही भागांत तोच, वाडे आणि पहारेकरी तेवढे नवे – आणि ती भाजी निवडायला बसावं तशी खाली फतकल मारून बसलेली. व्यायामवाल्या बाई काल जाताना म्हणाल्या होत्या, "रबरी चेंडूला ते कंटाळलेत. आवडीचं काहीतरी द्या हातात." बाईंचं काय जातंय बोलायला! चेंडू त्यानं भिंतीवर भिरकावला, त्याचं काही नाही. चेंडू कुणाला प्यारा असतो? पण आवडीचंच हातात दिलं आणि तेही जमलं नाही तर? मग तो पुन्हा काहीच हातात घेणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. इतकी वर्षं संसार केला, एवढं तरी कळतंच की.

पाचवा लावावा. पाचव्यात भिंतीपलीकडचे पहारेकरीसुद्धा दिसतात, चुकलं तरी खेळच सांभाळून घेतो. पण आणला त्याच दिवशी त्यानं तो तासाभरात बंद केला होता – "ही लपाछपी म्हणायची? ज्याच्यावर राज्य त्याच्या डोळ्यांना पट्टीच बांधलीय यांनी!" तेव्हा ती खो-खो हसली होती. आज तोच त्याच्यापुढे ठेवला तर तो चकार शब्द काढणार नाही, नुसतं माझ्याकडे बघेल… आणि ते बघणं मला नाही सोसायचं.

दुसऱ्या-तिसऱ्यात नुसत्या उड्या. चौथा तर त्यालाही कधी आवडला नाही.

मग पहिला? पहिल्यात दयामाया नाही, पाऊल वाजलं की घंटा, घंटा झाली की पुन्हा सुरुवातीपासून. पण पहिलाच तर दोघांचा होता – तो खेळायचा आणि ती शेजारी बसून पहारा करायची: "थांब… थांब म्हणते ना… वळला, जा आता!" तिथूनच तिचं नाव पडलं, हवालदार. आणि हवालदार आता भलतीच तरबेज झाली होती. कडी वाजू न देता लावायची, त्याच्या दारावरून चवड्यांवर जायचं, रडायचं तर न्हाणीघरात, नळ सोडून. या घरात खेळतंय तरी कोण, तो की मी…

"कोणता लावतेयस?"

तो दारात, चौकटीला टेकून. तिच्या मांडीवर पहिला आणि पाचवा. लपवायलाही वेळ मिळाला नाही.

"कोणताच नाही. धूळ पुसत होते."

"फडक्याशिवाय?" तो येऊन धपकन खुर्चीत बसला. "हवालदार, हल्ली तू पाय न वाजवता चालतेस. नळही उगाच सोडतेस. कान शाबूत आहेत माझे, बाई."

तिला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग, नवलच, हायसं वाटलं. तिनं पहिला लावला. "जमलं नाही तर मला बोलायचं नाही."

"मग कुणाला बोलू? शेजाऱ्यांना?"

ती स्टूल आणायला गेली, चांगली पाय वाजवत.

त्यानं उजव्या हातानं डावा अंगठा उचलून खळग्यात ठेवला. दांडी हलली, जेमतेम अर्धी. पुढे जाईच ना. आणि पडद्यावरचा चोर चालू लागला – दबकत, अगदी बिनआवाज. पूर्ण ढकलली की तो धावतो, धावला की फरशी वाजते. अर्धीच ढकलायची असते, हे त्यानं शंभरदा शिकवूनही तिला कधी साधलं नव्हतं. व्यायामवाल्या बाई रोज जोर आणा, जोर आणा म्हणून घसा कोरडा करत होत्या… आणि इथे जोर नकोच होता!

समोरून कंदील घेतलेला पहारेकरी आला. चोर खांबाच्या सावलीत थांबला. पहारेकरी अगदी जवळून गेला, वळला, त्याची पाठ दिसली. 'जा आता' तिच्या ओठांवर आलं.

चोर हलला नाही.

अंगठा खळग्यातच होता. दमला? संपलं सगळं? की… पूर्वीही ती घाई करायची आणि हा मात्र मागून दुसरा येतोय का म्हणून थांबून राहायचा. तिनं अंगठ्याकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे. दोन्हींवरून काही कळेना. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच आपल्याला याच्यातलं काहीतरी कळत नाहीये, असं तिच्या मनात आलं, आणि त्याची तिला भीती वाटली नाही.

मदतीला निघालेला हात तिनं मांडीखाली दाबून धरला, आणि तीही त्याच्याबरोबर सावलीत थांबली.