परतीच्या फेरीआधीचा गुलाल

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि माझ्या मनाचा पार गोंधळ उडाला आहे. मी जिंकले की हरले, हे मला अजून उमगलेले नाही.

जन्माला आले कारखान्यात, पण मला वापरले कोल्हारच्या गहिनीनाथांनी. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून मी वर्षानुवर्षे डेअरीची वाट तुडवली. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळायचा. मग घरात टेम्पो आला आणि माझी रवानगी गोठ्यात झाली. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या. हा मान म्हणावा की अपमान, तेही मला कळेना.

गहिनीनाथ मला भंगारात द्यायला निघाले, तेव्हा त्यांची लेक पंकजा आडवी आली. परदेशात मिठाच्या सपाट मैदानांवर माझ्यासारख्या म्हाताऱ्या गाड्या वेगाचे विक्रम करतात, हे तिने मोबाईलवर पाहिले होते. स्वार टाकीवर पालथा पडून गाडी पळवतो. एकदा जायचे, ठरलेल्या वेळेत त्याच वाटेने परत यायचे आणि दोन्ही फेऱ्यांच्या वेगांची सरासरी धरायची. नाहीतर पाठीमागून ढकलणाऱ्या वाऱ्याचीच शाबासकी गाडीला मिळेल. तशी चाचणी जवळच्या एका बंद धावपट्टीवर होणार होती.

"आण्णा, विक्रमाच्या यादीत हिचं नाव लागलं तर ठेवायची?"

"लागलं तर ठिवू. न्हाई तर भंगारवाला हायेच."

पंकजाने माझे दिवे, मडगार्ड, हवेची जाळी, सगळे उतरवून मला हलके केले. माझी मलाच ओळख पटेना. पण पंकजा टाकीवर पालथी पडली आणि मी पळाले जीव तोडून! जायच्या फेरीत जुन्या गाड्यांत सगळ्यांत जास्त वेग माझाच निघाला.

पलीकडच्या टोकाला गहिनीनाथ उभे होते. ग्रामपंचायतीच्या निकालाला उधळतात तसा त्यांनी पिशवीभर गुलाल माझ्यावर उधळला.

"जितली! माझी गाडी जितली!"

इंजिन चालू होते आणि जाळी तर काढलेली. गुलाल थेट कार्बोरेटरमध्ये गेला. मी ठसकले, खोकले आणि बंद पडले.

"आण्णा, आजून परत जायचं हुतं!" पंकजा रडकुंडीला आली.

गहिनीनाथांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी तिथेच बसकण मारली, कार्बोरेटर खोलला, पेट्रोलने धुतला, धोतराच्या सोग्याने पुसला. तोवर वेळ टळून गेली. माझे नाव काही लागले नाही.

ठरल्याप्रमाणे भंगारवाला आला. गहिनीनाथ माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"जा बाबा तू. गुलाल लागलेली गाडी कुनी इकतं व्हय?"

आता ते मला रोज पुसतात. इंजिनाच्या खाचांतला गुलाल मात्र तसाच राहू देतात. मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना जपा, आमच्यावर भरभरून माया करा. फक्त गुलाल उधळायच्या आधी आम्हाला परत येऊ द्या.