खाली लिहा, पुसू नका

तांडापेठेतल्या विणकर सोसायटीच्या ओसरीवर एक काळा फळा होता आणि त्याचा खडू सेक्रेटरी चंपतरावांच्या कोटाच्या खिशात असे. सूत कधी येणार, कुणाचं लग्न ठरलं, कोण वारलं, सगळं गल्लीला त्या फळ्यावरून कळायचं. काही लिहायचं तर चंपतरावांना सांगायचं. पटलं तर ते लिहीत, नाही तर शांतपणे म्हणत, "हे नको."

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात शामलाने न विचारताच लिहिलं. ती महानगरपालिकेच्या शाळेत शिकवायची, घरी आई माग चालवायची. शाळेचा खडू घेऊन तिने लिहिलं, "या खेपेचं सूत कच्चं आहे. मागावर उभे धागे, ताणा लावताना तुटतं."

अर्ध्या तासात फळा पुसलेला होता.

"काका, काहून पुसलं?"

"लोकं घाबरतात. मी बोलून राहिलो ना गिरणीवाल्यासोबत."

शामलाला ते सहन होईना. तिने चार वह्या विकत घेतल्या आणि प्रत्येकीच्या पहिल्या पानावर लिहिलं: वाचा, लिहा, शेजारी द्या. पटलं नाही तर खाली लिहा, पुसू नका.

वह्या घराघरांतून फिरू लागल्या. एकीतलं लोक दुसरीत उतरवून घेत. महिन्याभरात कुणीकुणी आपापल्या नव्या वह्या सुरू केल्या. एकूण किती झाल्या, हे शामलाला सांगता येईना. वर्गात पाढे म्हणवून घेतानाही तिचं लक्ष आता कोणती वही कुठे असेल, तिकडेच असायचं.

मग एका वहीत तिला दिसलं, "पंचफुलाने सोसायटीच्या मागच्या दारातून सुताचं बंडल पदराखाली नेलं." लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. खाली दुसऱ्या अक्षरात, "आम्हीही ऐकलं." तोवर ते आणखी तीन वह्यांत उतरलं होतं.

पंचफुला एकटी राहणारी विधवा बाई. तिला वाचता येत नव्हतं. नळावर बायका आपल्या घागरी बाजूला ओढून घ्यायला लागल्या, तेव्हा तिला काहीतरी झाल्याचं कळलं. शामला गेली तेव्हा ती मागावर होती. हात न थांबवता म्हणाली, "काय लिहिलं माह्याबद्दल? वाच."

शामलाने वाचलं.

"बंडल नेलं, हे खरं हाय. चोरलं नाही. माहं सूत सडकं निघालं, चंपतभाऊनं बदलून देलं. म्हणे, कोणाले सांगू नको, नाही तर सगळेच येतीन."

"मग मावशी, तुम्ही बोलल्या काहून नाही?"

"शब्द देला होता."

शामलाने ते पान दोन बोटांत धरलं. फाडायला क्षणही लागला नसता. पण बाकीच्या वह्यांतलं काय करणार? ती वही मिटून तशीच उन्हात चंपतरावांकडे गेली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "फळ्यावर असतं तर मी पुसलं असतं," ते म्हणाले. "तुह्याबद्दलही एकदा कोणीतरी लिहिलं होतं. पुसलं मी. तुले कळलंही नाही."

"काय लिहिलं होतं?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. शामलाने वही उघडून पंचफुलाचं पान त्यांच्यापुढे धरलं.

"हे पुसता येत नाही, काका," ती म्हणाली. "खाली लिहिता येते. तुम्ही लिहा."

"मी लिहिलं तर सूत खराब होतं, हे कबूल करणं झालं."

"हो."

तीन दिवस ते आले नाहीत. शामला शाळेतून घरी आणि घरातून ओसरीपर्यंत जाऊन परत येत राहिली. चौथ्या दिवशी दुपारी चंपतराव स्वतः तिच्या दारात उभे राहिले, वही मागितली आणि लिहिलं, "बंडल मी बदलून दिलं. सूत खराब होतं. फळा मीच पुसला. चंपतराव निखारे." वहीत पहिल्यांदाच कुणी लिहिलेल्याखाली आपलं नाव घातलं होतं.

दोन दिवस दोघं दारोदार फिरले आणि सापडेल त्या वहीत त्या ओळी लिहीत गेले. त्याखाली लोकांनी लिहिलं, खोटारडा. राजीनामा द्या. एकाने तर घाणेरडी शिवी लिहिली. शामला ती वाचून अवघडली.

"राहू दे," चंपतराव म्हणाले. दसऱ्याआधी त्यांनी पद सोडलं.

नळावर गल्लीतल्या बायजाबाईने पंचफुलाची घागर स्वतः पुढे लावली. बाकीच्या हळूहळू बोलू लागल्या.

पण चोरीची ओळ असलेली एक वही लग्नाच्या पाहुण्यांबरोबर उमरेडला गेली होती. शामला रविवारी बसने जाऊन आली. चार घरी तेच उत्तर मिळालं, "होती, पुढे गेली."

शामलाने हे सांगितलं तेव्हा पंचफुलाने माग थांबवला. "तिथं माही बहीण राह्यते."

पुढच्या रविवारी दोघी गेल्या. बहिणीने पाणी दिलं, आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारलं, "ते खरं हाय का वं?"

"नाही," पंचफुला म्हणाली. पाणी प्याली. "तू विचारलं तरी. आमच्या गल्लीत कोणीच विचारलं नाही."

वही आता बहिणीकडेही नव्हती. तिने ती पुढे ज्या घरी दिली होती ते घर दाखवलं, आणि पंचफुला शामलाची वाट न पाहता त्या दाराकडे चालू लागली.