पाच अँपियरचा खटका

बायको भांडत असली की नवरा निर्धास्त असतो. ती गोड बोलायला लागली की मात्र समजावं, काहीतरी मोठं मागणं येणार. तेलगावच्या बद्रीनाथला त्या सकाळी चहाबरोबर न मागता खारी मिळाली, तेव्हाच तो सावध झाला.

"अवो," विमलबाई म्हणाली, "ते मशीन पयल्यासारखं करून द्या."

मशीन म्हणजे कॉम्प्युटर. आताचा नव्हे. सदतीस वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नात बद्रीनाथच्या मावसभावानं कुवेतहून आणलेला. दिसायला जाडजूड कीबोर्ड, टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवरून त्यात खेळ चढवायचा. लग्नात बाकीच्यांनी स्टीलची भांडी दिली, ती केव्हाच पोचे पडून मोडीत गेली. मशीन मात्र अजून चालत होतं, कारण बद्रीनाथनं त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं.

त्यावर एकच खेळ होता. वरून मुंगळ्यांसारखे शत्रू रांगेनं उतरायचे आणि खालून तोफेनं ते टिपायचे. नव्या नवरीनं पदर खोचला आणि पहिल्याच महिन्यात नऊ हजार दोनशे गुण केले. सासूनं पाहिले, अर्ध्या गल्लीनं पाहिले. मग ती माहेरी गेली, आणि इकडं धाकटा दीर विजयसिंह, तेव्हा सोळा वर्षांचा, सांगायला लागला की मी नऊ हजार चारशे केले. पाहिले कुणी? कुणीच नाही. त्याची जिरवायला विमलबाई चार दिवस आधीच परतली. तोवर बद्रीनाथनं हौसेनं मशीनला जास्तीची मेमरी बसवली होती आणि खेळ लागेनासा झाला होता.

त्याचं असं व्हायचं, की मेमरी वाढली की हे मशीन पडद्यावरचं चित्र ठेवायची जागाच बदलायचं. जुना खेळ बिचारा जुन्याच जागी चित्रं काढत बसायचा, माणूस घर सोडून गेला तरी पोस्टमननं जुन्याच दारात पत्रं टाकावीत तसा. पडद्यावर नुसत्या चांदण्या दिसायच्या.

"तुमी मेमरी घातली आन माजा डाव मोडला." हे वाक्य बद्रीनाथनं सदतीस वर्षं ऐकलं. भाजीत मीठ जास्त पडलंय म्हटलं तरी हेच उत्तर. विहिरीवरची मोटर जळाली तरी हेच.

विजयसिंह पुढं पुढारी झाला. खोटं बोलायचा सराव त्यानं घरीच करून ठेवला होता. परवा दिंद्रुडच्या एका लग्नात त्यानं माईक घेतला, आणि नवरा-नवरीला आशीर्वाद देता देता आपण वहिनीला मुंगळ्यांत कसं हरवलं तेही सांगून टाकलं. मांडव हसला. विमलबाई पहिल्याच रांगेत बसली होती. म्हणून ही खारी.

मेमरी उपटून टाकणं सोपं होतं. पण त्याच मेमरीच्या जिवावर बद्रीनाथ तेलगावच्या पावसाची नोंद ठेवत होता, मृगापासून हस्तापर्यंत, एकही दिवस न चुकवता. कुणी कधी ती मागितली नव्हती, म्हणून तर त्याला तिचा जास्त लळा होता. पाऊस सोडवत नव्हता आणि बायकोचे टोमणेही आता सोसवत नव्हते. विचार करकरून त्यानं ठरवलं, मधे एक खटका बसवायचा. खाली केला की मेमरी लहान, वर केला की मोठी.

तो केजला गेला, बसप्पाच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात.

"बसप्पा, नखाएवढा खटका दे."

"नखाएवढा न्हाई. ह्यो घे, पाच अँपियरचा."

"आरं, ह्यो भितीला लावायचा हाय. मला कॉम्प्युटरला लावायचाय. मुंगीएवढा करंट जाणार त्याच्यातून."

"मंग तर तुज्या नातवंडाला बी पुरंल बे," बसप्पा म्हणाला आणि त्यानं तो कागदात गुंडाळलासुद्धा. बसप्पाच्या दुकानात जे असेल तेच गिऱ्हाइकाला पाहिजे असायचं.

बद्रीनाथनं दोन दिवस मान मोडून काम केलं. सोल्डर करताना एक बोट भाजलं, चष्म्यावर राळेचा धूर बसला. मशीनमधून तारा बाहेर काढून त्यानं त्या लाकडी बोर्डावरच्या खटक्याला जोडल्या आणि बोर्ड टेबलाच्या कडेला, दाराच्या बाजूला, स्क्रूनं पक्का केला. एवढ्याशा मशीनला तो ढब्बू पांढरा खटका उंदराला घंटा बांधल्यासारखा दिसत होता, पण बद्रीनाथला त्याच्यावरून नजर हलवता येईना. मशीन चालू असताना खटक्याला हात लावला की सगळं कोलमडणार, हे त्यानं विमलबाईला तीनदा बजावलं.

मग टेप लावली. पाच मिनिटं किर्रर्र आवाज झाला आणि पडद्यावर मुंगळे उतरले.

"आले!" विमलबाई ओरडली. बद्रीनाथला वाटलं, सदतीस वर्षांनी आपल्याला माफी मिळाली.

हुरड्याचे दिवस होते. रविवारी तिनं दिराला बोलावलं. विजयसिंह आला, हुरड्यावर ताव मारला आणि हात पुसत आत आला, तर समोर मशीन. आता पळणार कुठं? बसला बिचारा. तेवीसशे गुणांवर मेला.

"डोळ्यात कुसळ गेलं, वहिनी."

"जाऊ द्या. आता मी बसते."

विमलबाईनं पदर खोचला. बोटं अशी चालली की बघणाऱ्याला वाटावं, ही बाई सदतीस वर्षं दुसरं काही करतच नव्हती. विजयसिंह मतमोजणीसारखे आकडे सांगत होता. "सात हजार." "साडेआठ हजार." आवाज खाली खाली येत गेला. "नऊ हजार तीनशे," हे तर तो खिशाशीच बोलला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

आत रेंज नव्हती. तो उठून दाराकडं निघाला. आता, विमलबाईच्या घरातला नियम असा, की खोलीबाहेर जाणाऱ्यानं दिव्याचा खटका बंद करूनच जायचं. पुढारी माणूस म्हणून विजयसिंहानं तो आजवर एकदाही पाळला नव्हता. तिची नजर मुंगळ्यांवर होती, पण तोंड सवयीनं बोललं, "भावजी, जाताना खटका बंद करा!"

आणि विजयसिंहानं जन्मात पहिल्यांदा वहिनीचं ऐकलं. हाताला जो पहिला लागला तो दाबला. खट्.

पडद्यावर चांदण्या.

"आवो, भितीवरचा म्हणलं मी!"

"तुमी खटका म्हणलात, म्या खटका दाबला! नऊ हजार तीनशे. माज्यापेक्षा शंभर कमी!"

"त्याच्यावर पाच मुंगळे मारले मी. तीस-तीस गुणाचे. दीडशे झाले, म्हंजे नऊ हजार साडेचारशे!"

"बगितलं कुणी?"

दोघंही एकदम बद्रीनाथकडं वळले. तो पडद्याला खेटूनच उभा होता.

एक शब्द बोलला की सुटका होती. आकडा जिभेवर आलासुद्धा. पण विमलबाई त्याच्याकडं इतक्या आशेनं बघत होती की त्याला खोटं बोलवेना.

"म्या आकडा न्हाई बगितला," तो म्हणाला.

"मंग काय बगत हुता?"

"खटका." खरं बोलायला लागलेल्या माणसाला थांबता येत नाही. "विजूचं बोट आलेलं बी बगितलं. लई झ्याक दाबला गेला बगा. खट् वाजलं तवा मला बरंच वाटलं."

"मंग हात कावून धरला न्हाई?" हे दोघं एका सुरात म्हणाले.

बद्रीनाथ चष्मा पुसायला लागला.

"वहिनी," विजयसिंह हळूच म्हणाला, "ह्या माणसासंगं सदतीस वर्षं काढली तुमी?"

"काढली, भावजी."

"कमाल हाय तुमची."

दीर-भावजयीचं हे आयुष्यातलं पहिलं एकमत. त्या भरात विजयसिंहाचं तोंड सुटलं. "तसं माजं बी नऊ हजार चारशे झालं नव्हतं. तीन हजारातच मेलतो," असं म्हणून तो राहिलेला फोन करायला अंगणात गेला.

बद्रीनाथला वाटलं, सुटलो. पण विमलबाई हसली नाही.

"भावजीचं काय बी न्हाई," ती म्हणाली. "ते खोटं बोलतेत हे मला तवाच ठावं हुतं. पर माजे नऊ हजार दोनशे झाले, सगळी गल्ली वाकून बगत हुती, तवा बी तुमी मशीनच्या मागं स्क्रू पिळत बसलता. आज बी तसंच."

हे बद्रीनाथच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. ती मेमरीवरून बोलते असं धरून तो इतकी वर्षं मेमरीचाच विचार करत राहिला होता. त्याला लाज वाटली, आणि चांगलीच वाटली.

त्यानं मशीन बंद करून टेप मागं घेतली, खटका खाली केला आणि मशीन लावून पुन्हा खेळ चढवला. पाच मिनिटं किर्रर्र चाललं. तेवढ्यात त्यानं खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी, पडद्यासमोर, हात मांडीवर ठेवून बसला. मुंगळे उतरले. विमलबाईचे डोळे भरून आले होते, बोटंही दमली होती. दुसरी रांग संपते न संपते तोच एक मुंगळा तोफेवर पडला.

"तीनशे," बद्रीनाथ मोठ्यानं म्हणाला.

"दिसतंय मला," विमलबाई म्हणाली, आणि त्याला पडदा नीट दिसावा म्हणून खुर्ची थोडी सरकवून बसली.